चांदीची वाफ

वहिनी इथे इंदूरच्या एका नर्सिंग होममध्ये परिचारिका आहेत. रात्रपाळी संपवून घरी आल्या की आधी कोपरापर्यंत हात धुतात, मगच पोह्यांच्या बशीकडे वळतात. मागच्या वर्षी अशाच एका सकाळी मी त्यांना सांगत होते, की एखाद्या पृष्ठभागावर चांदीचा अगदी पातळ थर दिला तर तिथे जीवाणू तग धरत नाहीत. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, आणि असं काही वाचलं की घरात सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. वहिनींना त्यात नवं काही वाटलं नाही. "भाजलेल्या पेशंटला आम्ही ते पांढरं मलम लावतो ना, त्यात चांदीच असते," त्या म्हणाल्या. खरंच होतं ते. सिल्व्हर सल्फाडायझिनचं ते मलम १९६८ सालचं. मग पोहे संपवता संपवता त्यांनी विचारलं, "पण तुझा तो थर आम्ही दिवसातून तीनदा हायपोनं पुसला तर किती दिवस राहील?"

हायपो म्हणजे त्यांच्याकडचं पुसायचं जंतुनाशक. या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते शोधायला पुढचे अकरा महिने गेले, आणि त्या अकरा महिन्यांत काय काय झालं ते इथे लिहिते आहे. असं काम छोट्या कॉलेजात, हाताशी असलेल्या सामानावर करू पाहणाऱ्या कुणाला तरी त्याचा उपयोग होईल अशी मला मनापासून आशा आहे.

चांदी चढवायचे जुने मार्ग आहेतच. पण विजेच्या मुलाम्याला साधारणपणे सायनाइडचं द्रावण लागतं, आणि वापरून झालेलं ते पाणी कुठे ओतायचं हा प्रश्न मागे उरतो. वाफेच्या पद्धतीत सांडपाणी जवळपास नसतंच. शिवाय आमच्या विभागाच्या कोपऱ्यात, मेणकापडाखाली, बंगळुरात बनलेलं १२ इंची बेल जारचं, म्हणजे काचेच्या घुमटाचं, थर देणारं कोटिंग युनिट उभं होतं. कधीकाळी एम.एस्सी.ची मुलं त्यावर ॲल्युमिनियमचे थर देत असत. ते बंद पडलं आणि कुणी पुन्हा चालू केलं नाही.

या यंत्राचं काम कळायला सोपं आहे. काचेच्या घुमटातली हवा काढून टाकायची. आत मॉलिब्डेनमची होडीच्या आकाराची पट्टी असते, तिला आम्ही बोटच म्हणतो. तिच्यात चांदी ठेवून कमी व्होल्टचा, पण शंभरावर अँपिअरचा प्रवाह सोडायचा. चांदी ९६१ अंश सेल्सिअसला वितळते, ११०० च्या आसपास चांगली वाफाळते, आणि ती वाफ सरळ रेषेत जाऊन समोरच्या थंड वस्तूवर बसते. हवा काढायची ती अणूंना वाट मोकळी मिळावी म्हणून. नेहमीच्या हवेत अणू मिलिमीटरचा पंधरा हजारावा भाग जातो न जातो तोच कशावर तरी आदळतो. दाब मिलिबारच्या एक लाखाव्या भागापर्यंत खाली आणला की तीच मोकळी वाट सहा-सात मीटर होते, आणि आमची काच बोटीपासून जेमतेम वीतभर अंतरावर असते.

कळायला सोपं असलं तरी ते जुनं यंत्र जागं करायला दीड महिना गेला. रोटरी पंपाचं तेल काळं पडलं होतं, ते बदललं. बेल जारखालचं रबर कडक झालं होतं, तेही बदललं. तरी दाब दाखवणाऱ्या पिरानी गेजचा काटा एका ठिकाणी येऊन थांबायचा, पुढे सरकायचाच नाही. गळती शोधायची रीत आमच्या लॅबमधल्या भैयांना ठाऊक होती. कापसाच्या बोळ्यावर ॲसिटोन घेऊन एकेका सांध्याला लावत जायचं. जिथे गळती असेल तिथे ॲसिटोनची वाफ आत शिरते आणि काटा एकदम हलतो. तिसऱ्या दिवशी इलेक्ट्रोडच्या एका सांध्याशी काटा उडाला. त्या क्षणी आम्हा दोघांना झालेला आनंद मी विसरणार नाही.

दाब आणखी खाली नेणाऱ्या डिफ्यूजन पंपाची गोष्ट वेगळी. त्यातलं तेल उकळून त्याची वाफ हवेचे रेणू खाली ढकलते, आणि तीच वाफ पुन्हा द्रव व्हावी म्हणून पंपाभोवती थंड पाणी सतत फिरावं लागतं. इंदूरला नर्मदेचं पाणी १९७८ पासून येतं, सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून चढ चढवून आणतात, आणि आमच्या भागात ते एक दिवसाआड येतं. एका दुपारी पंप तापलेला असताना भैया धावत आले: "मॅडम, टंकी खाली हो गई!" हीटर लगेच बंद केला, झडप लावली, पण तोवर तेलाची वाफ वर चढून बेल जारला आतून पातळ तवंग आला होता. त्यावर बसलेला कुठलाही थर नखानं निघाला असता. दोन दिवस सगळं पुसण्यात गेले. त्यानंतर आम्ही नियम केला: नर्मदेच्या दिवशीच प्रयोग, आणि सुरू करायच्या आधी भैयांनी टाकी डोळ्यांनी बघून यायची.

चांदी कुठून आणायची हा प्रश्न मला पडलाच नव्हता. माझ्याकडे लहानपणचे पैंजण होते, तेच कापून वापरावेत असं ठरवून मी सकाळी सराफ्यात गेले. फळ्यावर चौरसा, टंच, सिक्का असे चांदीचे वेगवेगळे भाव लिहिलेले होते. आमच्या घराचे नेहमीचे सोनारकाका जुन्या मराठी पेढीवर बसतात. त्यांनी पैंजण हातात घेतला, उलटा केला आणि नखानं एक सांधा दाखवला. "बेटा, याला इथे डाग देऊन जोडलंय. डागात जस्त असतं. मुशीत टाकलं की पहिला पांढरा धूर त्याचाच." मी तिथेच थांबले. निर्वातात जस्त तीन-साडेतीनशे अंशांनाच उडायला लागतं. चांदी वितळायच्या कितीतरी आधी ते सगळ्या बेल जारभर पसरलं असतं, आणि पुढच्या प्रत्येक प्रयोगात थोडं थोडं निघत राहिलं असतं. काकांनी ९९९ चा, म्हणजे ९९.९ टक्के शुद्ध चांदीचा, रवा दिला, बाजरीच्या दाण्यांएवढे गोल मणी. पैंजण परत माझ्या हातात ठेवले.

किती चांदी लागते हे काकांना सांगितलं तेव्हा त्यांना पटेना. १५ सेंटिमीटरवर ठेवलेल्या काचेवर ३० नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) थर द्यायचा तर बोटीत साधारण २२ मिलिग्रॅम चांदी पुरते. किलोला १ लाखाचा भाव धरला तर सव्वादोन रुपयांचा माल. एक चौरस मीटरभर असा थर द्यायचा तर सगळी चांदी काचेवरच बसली असं धरून एक तृतीयांश ग्रॅम. मिठाईवरचा वर्खसुद्धा याहून कितीतरी जाड असतो. म्हणून या कामात चांदीच्या किमतीला भ्यायचं कारण नाही. पैसा जातो तो पंपात, विजेत आणि वेळेत.

थराची जाडी मोजणारं क्वार्ट्झचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. चांदी दशांश मिलिग्रॅमपर्यंत तोलायची आणि अंतरावरून हिशोब करायचा, एवढंच हातात होतं. डोळाही कामी येतो. १०० नॅनोमीटरचा थर आरशासारखा, आरपार काही दिसत नाही. ३० च्या आसपास दिव्याकडे धरला तर उजेड निळसर दिसतो. आणि सहा मिलिग्रॅममध्ये होणारा आठेक नॅनोमीटरचा थर पिवळट-जांभळट, मळकट दिसतो. तो मुळात सलग नसतोच. काचेवर चांदीचे अणू पसरण्यापेक्षा एकमेकांना धरून बसतात, पावसाचे थेंब तेलकट तव्यावर जमावेत तसे, आणि सुरुवातीला वेगवेगळी बेटं तयार होतात. बेटं वाढून एकमेकांना भिडली की मग आरसा दिसू लागतो.

पहिला थर दिला तो दिवस. प्रवाह हळूहळू वाढवला, बोट आधी लाल, मग नारिंगी. रवा वितळून चकचकीत थेंब झाला, आणि बघता बघता समोरच्या काचेवर आरसा उमटला. भैया, मी आणि दोन विद्यार्थिनी, चौघांचे चेहरे त्यात दिसत होते. एवढा सुंदर थर मी आधी स्वतःच्या हातानं कधी केला नव्हता. दुसऱ्या दिवशी साधी चिकटपट्टी लावून उचलली, तर अख्खा आरसा पट्टीबरोबर निघून आला आणि खाली कोरी काच राहिली.

चांदी ऑक्सिजनशी फारसं नातं जोडत नाही, म्हणून काचेला धरत नाही. क्रोमियम काचेतल्या ऑक्सिजनला घट्ट धरतं आणि वर चांदीलाही धरतं. त्यामुळे एकाच निर्वातात आधी टंगस्टनच्या तारेच्या टोपलीतून काही नॅनोमीटर क्रोमियम, आणि हवा आत न सोडता लगेच त्यावर चांदी, असा क्रम ठरला. काच धुणं हेही निम्मं काम आहे. साबण, ऊर्ध्वपातित पाणी, ॲसिटोन, आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग श्वासाची परीक्षा: काचेवर फुंकर घालायची, धुकं एकसारखं बसलं आणि एकसारखं उडालं तर काच स्वच्छ. ठिपके राहिले तर पुन्हा पहिल्यापासून. घाईनं प्रवाह वाढवला तर वितळलेली चांदी तडतडून शिंतोडे उडतात, हेही दोनदा अनुभवलं. आता बोट लाल झाली की मी शंभर आकडे मोजते आणि मगच पुढे जाते.

एवढं झाल्यावर जीवाणूंकडे वळलो. माझी शाळेतली मैत्रीण दुसऱ्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. तिच्याकडे ऑटोक्लेव्ह, इन्क्युबेटर आणि अफाट चिकाटी आहे. चांदीची थोडी मात्रासुद्धा सूक्ष्मजीवांना मारते हे कार्ल नेगेलीच्या लेखात १८९३ मध्येच आलं होतं. काम करतो तो धातू नव्हे, त्यातून ओलाव्यात सुटणारा चांदीचा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला अणू. तो जीवाणूच्या प्रथिनांमधल्या गंधकाला जाऊन चिकटतो आणि त्यांचं काम बंद पाडतो. मैत्रिणीनं पहिल्याच दिवशी एक गोष्ट बजावली होती: "चांदीलाही जीवाणू सरावतात. १९७५ मध्ये बोस्टनच्या एका हॉस्पिटलात, भाजलेल्यांच्या वॉर्डात, सिल्व्हर नायट्रेटला न जुमानणारा साल्मोनेला सापडला होता. तेव्हा सगळीकडे चांदी फासत सुटायचं नाही." तिचं हे म्हणणं मी आजही मानते.

सुरुवातीला आम्ही आगरच्या, म्हणजे जीवाणू वाढवायच्या जेलीच्या, थाळीवर जीवाणू पसरून मध्ये चांदीची काच पालथी ठेवून बघितली. कडेला मोकळी पट्टी दिसते का, ते पाहायचं. पट्टी अगदी अरुंद. मैत्रीण म्हणाली, यावरून काही ठरवू नकोस, आगरमध्ये क्लोराइड आणि प्रथिनं असतात, आयन सुटला तरी तिथेच अडकतो. मग जपानी मानक झेड २८०१ घेतलं, ज्यावरून पुढे आयएसओ २२१९६ आलं. ५० मिलिमीटर चौरस नमुना, त्यावर ०.४ मिलिलिटर जीवाणूंचं पाणी, वर प्लॅस्टिकची ४० मिलिमीटरची चौकोनी पातळ पट्टी, म्हणजे पाणी पसरून सगळीकडे भिडतं. ३५ अंश, नव्वद टक्के आर्द्रता, २४ तास. मग ते पाणी धुऊन काढायचं, पातळ करत करत थाळ्यांवर पसरायचं आणि वसाहती मोजायच्या. कोऱ्या काचेच्या तुलनेत शंभरपट घट, म्हणजे दोन लॉग, आली तर थर कामाचा धरायचा.

पहिल्या फेरीत चांदीच्या सगळ्या थाळ्या कोऱ्या करकरीत निघाल्या. एकही वसाहत नाही. मी जवळजवळ नाचले. मैत्रीण मात्र गप्प होती. थोड्या वेळानं म्हणाली, "हे जीवाणू तुझ्या काचेवर मेले, की माझ्या नळीत मेले?" धुतलेल्या पाण्याबरोबर आयनही आले होते. पातळ करताना, थाळीवर पसरताना ते मारतच राहिले असणार. २४ तासांचा म्हणून मोजलेला आकडा खरं तर त्याहून जास्त वेळाचा होता. चांदीला जागच्या जागी थोपवायला धुण्याच्या द्रावात सोडियम थायोसल्फेट आणि थायोग्लायकोलेट घालावं लागतं. ते आम्ही घातलंच नव्हतं. सहा आठवड्यांच्या नोंदींवर आडवी रेघ मारली आणि पुन्हा सुरू केलं. या कामात कुणी मला एकच सल्ला विचारला तर मी हाच देईन: आयन थोपवल्याशिवाय मोजू नका.

गंमत अशी की थायोसल्फेटलाच फोटोग्राफीच्या काळोख्या खोलीत हायपो म्हणत. वहिनी ज्याला हायपो म्हणतात ते सोडियम हायपोक्लोराइट, अगदी वेगळी चीज. दोन्ही हायपो या कामात माझ्या वाट्याला आले, एक मोजणीत, एक पुसण्यात.

दुसऱ्या फेरीत निकाल कमी झगमगीत पण खरे आले. आरशासारखा १०० नॅनोमीटरचा थर आणि आठ नॅनोमीटरचा तो मळकट थर, दोघेही दोन लॉगच्या वर गेले, ई. कोलायवरही आणि स्टॅफिलोकॉकसवरही. वरच्या चमकेनं काही जास्तीचं दिलं नाही. आयन सुटतो पृष्ठभागावरून. आतली चांदी ही फक्त शिल्लक. मला जो थर सुंदर वाटत होता आणि जो विद्यार्थिनींनी "खराब झाला" म्हणून बाजूला ठेवला होता, त्यांच्यात जीवाणूंच्या दृष्टीनं फरक नव्हता. फरक पडणार होता तो शिल्लक किती दिवस पुरते यात, म्हणजे पुन्हा वहिनींच्याच प्रश्नात.

निर्वाताची पद्धत चांगली, पण बेल जारमध्ये मावेल तेवढंच. म्हणून दुसरी वाट करून बघितली. इंग्लंडमधल्या सॅल्फर्ड विद्यापीठात ज्योतीच्या मदतीनं, नेहमीच्याच हवेच्या दाबावर, चांदीचे आणि चांदी-सिलिकाचे थर बसवायचं काम झालेलं आहे. सिलिका म्हणजे काचेचा मुख्य घटक. पंप नाही, घुमट नाही. सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्याचं धुकं ज्योतीत सोडायचं. साडेचारशे अंशांच्या आत-बाहेर ते विघटित होऊन चांदी सुटते आणि ज्योतीखालून सरकणाऱ्या काचेवर बसते.

धुकं करायला आम्ही लहान मुलांना दम्यासाठी देतात तो नेब्युलायझर घेतला. लिटरमागे साडेआठ ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट. एका विद्यार्थिनीनं चुकून ते नळाच्या पाण्यात केलं, तर सगळं दुधासारखं पांढरं झालं. नर्मदेच्या पाण्यातल्या क्लोराइडनं चांदी तिथेच खाली बसवली. तिला त्याचं इतकं नवल वाटलं की त्या दिवशीचा तास आम्ही त्यावरच घेतला. ऊर्ध्वपातित पाणीच हवं. हातमोजे घालायला विसरलं तर बोटांवर काळे डाग पडतात आणि आठवडाभर जात नाहीत. सगळं काम धूर ओढणाऱ्या कपाटात, मास्क लावूनच. ज्योतीतून नायट्रोजनचे ऑक्साइडही निघतात आणि चांदीची बारीक धूळही.

ज्योत मात्र मला साधेना. काचेवर चांदीऐवजी काजळी बसायची, नाहीतर काच तडकायची. शेवटी एका रविवारी सोनारकाकांना कॉलेजात घेऊन आले. त्यांनी एलपीजीचा बर्नर पाहिला, हवेची चकती थोडी फिरवली. ज्योतीचं पिवळं शेपूट गेलं आणि आत निळा सुळका उभा राहिला. "पिवळ्या टोकात माल काळा पडतो. निळ्याच्या जरा पुढे धर, निळ्यात नको," ते म्हणाले. काचेबद्दल विचारलं तर म्हणाले, "मूस थंडगार असताना आम्ही कधी ज्योत मारतो का? आधी शेकून घे." आम्ही काच गरम पत्र्यावर शेकून घ्यायला लागलो, आणि तडकणं थांबलं. ज्वलनाची समीकरणं मी पंधरा वर्षं शिकवते आहे. ज्योतीत वस्तू नेमकी कुठे धरायची हे मला त्या दिवशी कळलं.

सिलिकासाठी टीईओएस या सिलिकॉन असलेल्या रसायनाच्या द्रवातून नायट्रोजनचे बुडबुडे सोडून त्याची वाफ वेगळ्या नळीनं ज्योतीत आणली. वेगळी नळी मुद्दाम. रसायनशास्त्राच्या सरांनी सुरुवातीलाच बजावलं होतं की सिल्व्हर नायट्रेट आणि अल्कोहोल एका बाटलीत कधीही एकत्र करायचं नाही, त्यातून स्फोटक संयुग तयार होऊ शकतं. ज्योतीखालून तीस-चाळीस फेऱ्या झाल्यावर काचेवर फिकट तपकिरी झाक येते. आरसा मुळीच नाही. चांदीचे कण काचेसारख्याच सिलिकात अर्धे रुतलेले.

मग पुसणं. वहिनींनी नर्सिंग होममध्ये वापरतात तसलं फडकं आणून दिलं, आणि हायपो किती पातळ करतात तेही दाखवलं. फिनाईल फरशीला, हायपो हँडल आणि रेलिंगला, ही त्यांची विभागणी. फडक्याला अर्ध्या किलोचं वजन बांधून आम्ही नमुन्यांवर फिरवलं. दिवसाला तीन म्हणजे महिन्याला नव्वद. तीन महिन्यांचे २७० फेरे. विद्यार्थिनींनी पाळ्या लावून घेतल्या, वहीत एकेक रेघ मारत.

नुसती चांदी पहिल्या पंचवीस फेऱ्यांतच गेली. क्रोमियमवरची चांदी फिनाईलनं काही केल्या निघत नव्हती, पण हायपोनं तिचं रूप पालटलं. क्लोरीननं चांदीचं क्लोराइड केलं, राखाडी चट्टे पडले, आणि फेऱ्या वाढल्या तसे ते पातळ होत गेले. सिलिकात रुतलेला थर काळवंडला, पण जागेवर राहिला. २७० फेऱ्यांनंतर उरलेले दोन्ही थर पुन्हा तपासले, या वेळी आयन थोपवून. क्रोमियमचा नमुना दोन लॉगच्या खाली उतरला होता. सिलिकाचा आधीपेक्षा कमी, पण दोनच्या वर. वहिनींना मी त्या रात्री फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण मूठ काय ओली असते का?"

त्या बाईंच्या प्रश्नांनीच हे काम पुढे नेलं आहे. आमची चाचणी ३५ अंशांत, ओलाव्यात, झाकण ठेवून २४ तास. दाराची मूठ कोरडी असते, आणि तिला पुढचा हात दहा मिनिटांत लागतो. मैत्रिणीनं मग वेगळी मांडणी केली. जीवाणूंचा अगदी बारीक थेंब, खोलीच्या हवेत पाच-दहा मिनिटांत सुकणारा, आणि एका तासानंतर मोजणी. मे महिना होता, बाहेर लू वाहत होती, हवेत ओलावा नावालाच. कोरं स्टील आणि चांदीचा थर दिलेलं स्टील, दोघांवरच्या वसाहती जवळपास सारख्या. शेजारी तुलनेला साधा तांब्याचा पत्रा ठेवला होता, त्यावर फार थोड्या उरल्या. नंतर वाचलं, की साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या संशोधनात २००९ मध्ये हेच दिसलं होतं: मानकाच्या दमट हवेत चांदीचे पृष्ठभाग उत्तम ठरतात, नेहमीच्या खोलीतल्या हवेत मात्र जवळपास निष्प्रभ, आणि तांबं दोन्हीकडे काम करतं. पाणी नसेल तर आयन सुटणार कसा? हे मला पहिल्या दिवशीच सुचायला हवं होतं. आयनाबद्दल मी स्वतःच तर सगळ्यांना सांगत होते.

म्हणून "जीवाणूरोधक" असं लिहिलेलं काहीही विकत घेताना चाचणी ओली होती की कोरडी, हे विचारावं असं मला आता कळकळीनं वाटतं. आकडा तोच असतो, पण त्याचा अर्थ बदलतो. नर्सिंग होमच्या दारांना हा थर लावा असं मी आज कुणालाही सांगणार नाही. ज्या बाईच्या भरवशावर तिथले पेशंट झोपतात तिला खोटा दिलासा देण्यापेक्षा तिच्या हातातलं फडकं बरं.

वहिनींना हे सगळं स्वयंपाकघरात बसून सांगितलं. मला वाटलं त्या निराश होतील. त्या म्हणाल्या, "मग जे कायम ओलंच असतं तिथे लाव ना. हात धुवायच्या बेसिनच्या नळाचं तोंड. आतली जाळी. तिथे बुळबुळीत होतं, कितीही घासलं तरी चार दिवसांनी परत." त्या लगेच उठल्या आणि आमच्याच नळाचं तोंड फिरवून काढून दाखवलं. आत खरंच गुलाबी-तपकिरी साय बसली होती.

आज नर्मदेचा दिवस आहे. भैया टाकी बघून आले आहेत, काठोकाठ भरली आहे. नळाच्या तोंडात बसणाऱ्या स्टीलच्या पाच जाळ्या आणल्या आहेत. त्यांतल्या दोन बेल जारमध्ये टांगल्या आहेत, क्रोमियम टोपलीत, सराफ्यातला रवा बोटीत, बरोबर २२ मिलिग्रॅम. दुसऱ्या दोन पुढच्या आठवड्यात ज्योतीखाली जातील, सिलिकासाठी. एक कोरी ठेवायची आहे तुलनेला. डिफ्यूजन पंप तापायला अजून वीस मिनिटं आहेत.